अब्बा पिंजण न घेता गेले

कामरगावच्या स्टँडवर अब्बा मला कारंजाच्या गाडीत बसवायला आले, तेव्हा त्यांच्या दाढीत कापूस होता. "खिडकीजवळ बस, बेटा," एवढंच म्हणाले. पुढे पुण्याला जायचं होतं. तुम्ही गावात अजून म्हणता, परवीन नोकरीसाठी गेली. नोकरी कसली! तोंड लपवायला गेले मी.

आज सांगूनच टाकते. कॉलेजात कापडवाल्या सेठचा इरफान माझ्या वर्गात होता. तो मला जुन्या इंग्रजी कादंबऱ्या आणून द्यायचा. त्यांत हवेलीचा मालक गरीब घरच्या हुशार पोरीवर जीव लावतो, आधी अकडतो, मग नाक घासत तिच्या दारी येतो. इरफान म्हणायचा, "तू बी तशीच हायेस." झालं! चढले मी हरभऱ्याच्या झाडावर. आम्ही पिंजारी, लोकांच्या गाद्या भरणारे, हे पार विसरले.

एक दिवस त्याच्या अम्मीचा निरोप आला, रहीमभाईले उद्या घरी पाठवा. कादंबरीत असंच तर बोलावणं येतं! मी अब्बांना ईदचा कुर्ता घालायला लावला. ते सवयीनं कापूस धुनायची पिंजण खांद्यावर घेत होते, ती मी काढून घेतली. "आज कामाची नाही, रिश्त्याची बात आहे," म्हटलं. अब्बा लहान पोरासारखे हसले. मीही मागोमाग गेले.

अंगणात सेठानी म्हणाल्या, "खाली हात काहून आले, रहीमभाई? इरफानच्या लगनाच्या गाद्या भराच्या हायेत. पोरगी अकोल्याची हाये." इरफान ओसरीवर होता. उठून आत गेला.

"भुललो, भाभी. आत्ता आनतो," अब्बा म्हणाले. घरी येऊन त्यांनी पिंजण घेतली आणि त्याच कुर्त्यात दिवसभर कापूस धुनला. मला एका शब्दानं बोलले नाहीत. मारलं असतं तर बरं झालं असतं. महिन्याभरात मी गाव सोडलं.

आता पुण्यात मी त्याच कादंबऱ्या शिकवते. शेवट वाचून पोरी सुस्कारे टाकतात आणि माझं डोकं फिरतं. अब्बा दर जुम्म्याला फोन करायचे. माफी मी दरवेळी पुढच्या फोनवर ढकलली. मागच्या हिवाळ्यात ते गेले. मी पोचले तेव्हा मिट्टी देऊन झाली होती.

कोणी गाव विचारलं की मी कामरगावच सांगते. पण माझं गाव म्हणजे तो एक माणूस होता, आणि त्याची माफी मागायची राहून गेली. तुम्ही म्हणता, ये एकदा. आले तर कोणाच्या दारात उभी राहू?