मिटवणे

शब्दकोशासाठी वीस वर्षं शब्दांच्या चिठ्ठ्या जमवल्या. कोश काही झाला नाही. चिठ्ठ्या चाळायला बसलो की शब्दांऐवजी माणसंच आठवतात!

ऐंशीच्या दशकात मी ब्रह्मपुरीच्या कॉलेजात मराठी शिकवायचो. पाली शिकवणारे मेश्राम सर माझे जिवलग मित्र. एकदा स्टाफरूममध्ये मी ऐटीत सांगितलं, "कळी मिटते, डोळा मिटतो, तसं भांडण मिटतं. 'मिटवणे'चं मूळ हेच!"

मेश्राम सर म्हणाले, "डोळे मिटले म्हणून भांडण थोडीच मिटते, सर! पुसून काढा लागते. 'मिटवणे'चं मूळ त्या पुसण्यात पाहा."

सगळे हसले. मी मात्र रागावलो आणि अबोला धरला. हो, याच शब्दावरून!

*

मग आमचं बोलणं शिपाई नामदेवभाऊंमार्फत सुरू झालं. टेबल एकच, खुर्च्या समोरासमोर.

"भाऊ, सरांना सांगा, वेळापत्रक बदललंय."

नामदेवभाऊ जागचे न हलता नुसती मान वळवायचे. "आयकलं जी त्यायनं. पुढचं बोला!"

*

त्याच काळात शब्द जमवत फिरताना एटापल्लीकडे एका गोंड म्हाताऱ्याला दुभाष्यामार्फत विचारलं, "भांडण मिटवण्याला तुमच्यात काय म्हणतात?"

त्यानं उलट विचारलं, "भांडण कोणाचं हाय?"

"कोणाचंच नाही. फक्त शब्द हवा."

"भांडणच नाई, त शब्द काऊन पाह्यजे?"

खरं तर मी खोटं बोललो होतो.

*

सिंदेवाहीला शेतात रोवणं, म्हणजे भाताची लावणी, करणाऱ्या एका बाईंना विचारलं, "भावाभावांचं भांडण कोण मिटवतं?"

"कोनी नाई जी. रोवणं आलं का दोघंही एकाच चिखलात! न बोलून कुठी जातीन?"

*

पुढे मेश्राम सरांना नागपुरात नोकरी लागली. ते निघाले त्या सकाळी मी स्टँडवर पोचलो. 'मिटवणे'च्या माझ्या जुन्या चिठ्ठीवर रात्री दहा वेळा खोडून लिहिलं होतं : 'व्युत्पत्ती अनिश्चित. मेश्राम यांचं मत अधिक संभवनीय.' तरी 'अधिक' ठेवावा की नाही, ही धाकधूक होतीच.

सर बसच्या खिडकीशी. खाली नामदेवभाऊ. मी चिठ्ठी पुढे केली. "भाऊ, सरांना सांगा..."

नामदेवभाऊंनी हात मागे बांधले. "मी आज सुट्टीवर हाओ जी."

कंडक्टरनं घंटी मारली.

मेश्राम सरांनी शेजारच्या सीटवरची पिशवी मांडीवर घेतली. "चला, नागभीडपर्यंत या. अर्धं भांडण राह्यलं आहे."