आक्कांची डावी बाजू

मशीनवरून वाकवून आलेली नळी सुमनआक्का लगेच मोजायच्या नाहीत. आधी ती दोन्ही हातांत घ्यायच्या, "तू कुणाची गं?" असं तिला विचारायच्या आणि तिचं तोंड कानाला लावून ऐकत उभ्या राहायच्या. मग "डावी" किंवा "उजवी" म्हणून खडूने खूण करायच्या आणि त्यानंतर मोजपट्टी काढायच्या. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी हे पाहिलं आणि घरी येऊन आईला सांगितलं, की आमच्या मॅडमचा एखादा स्क्रू ढिला असावा.

आमचा कारखाना चिंचोळीच्या एमआयडीसीत. दवाखान्यातल्या खाटा, वॉकर, बसमधल्या धरायच्या दांड्या, सगळा पोकळ नळीचा माल. आक्का ड्रॉइंग विभागाच्या प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखाली. संगणकावर नळी काढायची म्हणजे नुसतं चित्र काढून भागत नाही. सोबत एक तक्ता द्यावा लागतो: इतकं सरळ जा, इतकं वाक, मग अमक्या अंगाला फिर. मशीनला चित्र कळत नाही, त्याला तक्ता लागतो. आक्का म्हणायच्या, "नळी काढायची न्हाय वैशू, नळीतनं चालत जायचं. मुंगी जाती तशी." डोळे मिटून त्या हवेत बोट फिरवायच्या. बोट थांबलं की समजायचं, वळण आलं. काटकोन हवा असेल तर तक्त्यात त्याहून थोडं जास्तच वाकवायला सांगायच्या. "नळीला आपला सरळपना आठवतो की. सोडली की जराशी माघारी जाती. आठवन मोडायची तर जास्तच वाकवाय लागतंय." आम्हा पोरांना वाकवायची त्यांची रीतही तीच होती, हे सांगायला हरकत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये मिरर नावाची सोय असते. उजवी नळी काढून झाली, की एका क्लिकवर तिची डावी जोडी तयार. सगळं जग ती वापरतं, पण आक्कांच्या विभागात तिला बंदी होती. डावी नळी पुन्हा पहिल्या टोकापासून काढायची. एकदा मी कुरकुरले. आक्का सांगोल्याकडच्या, माहेरी मेंढरं. त्या म्हणाल्या, "मेंढ्याची शिंगं बघितल्यास? दोनी सारखीच दिसत्यात. पर डाव्याच्या जागी उजवं आलं तर टोक डोळ्यात घुसंल. आमचे आबा म्हनायचे, जोडी येगळी आन् सोंग येगळं. आरशात असतंय ते सोंग." मी हसले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वेणी घालताना मला आरशात फार वेळ बघवलं नाही.

त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे हे प्रकाशने दाखवून दिलं. प्रकाश आमच्यातला सर्वांत झटपट. आक्का गावी गेल्या होत्या आणि वॉकरच्या डाव्या नळ्या तातडीने हव्या होत्या, म्हणून त्याने मिरर वापरला, आमच्या भाषेत आरसा मारला. चित्र उलटलं, पण तक्त्यातली फिरवायची दिशा तशीच राहिली. लांबी तीच, वाकही तेच, त्यामुळे मोजणाऱ्याला चूक सापडणार कशी? सगळ्या नळ्या 'डावी' अशी चिठ्ठी लावलेल्या लोखंडी घोडीवर रचून ठेवल्या होत्या. आक्का परतल्या त्या दुपारी मी त्यांच्याबरोबर आवारातून येत होते. घोडीपाशी त्या एकदम थांबल्या.

"हितं डावी एक बी न्हाय."

मी चिठ्ठी दाखवली. त्यांनी तिकडे बघितलंही नाही. एक नळी कानाला लावली आणि चटका बसल्यासारखी खाली ठेवली. सोलापूरच्या त्या उन्हात त्यांच्या हातावर काटा आला होता, तो मी डोळ्यांनी पाहिला. "समद्या उजव्या हायत," त्या म्हणाल्या. "जोडीदार म्हनून आपलंच सोंग म्होरं आनून उभं केल्यागत वाटतंय त्येंना." नळ्या वॉकरच्या सांगाड्यावर चढवून पाहिल्या, एकही बसली नाही. सगळा माल भंगारात गेला. प्रकाशला त्या रागावल्या नाहीत. जेवताना त्याच्या ताटात शेंगाची चटणी वाढत एवढंच म्हणाल्या, "पुन्यांदा नगं करू बाबा."

त्यानंतर काही वर्षांनी एका दुपारी त्यांनी माझ्याकडे एक ड्रॉइंग तपासायला दिलं. कागदाच्या उजव्या अर्ध्यात नळी, मापं, बाण, सगळं नेहमीसारखं नेटकं. मधोमध नळी तोडल्यासारखी थांबली होती आणि डावा अर्धा भाग कोरा होता.

"आक्का, डावी बाजू राहिली."

"कसली डावी?" त्या शांतपणे म्हणाल्या.

मी त्यांच्या टेबलाकडे पाहिलं. डबा उघडा होता. भाकरी बरोबर अर्धी खाल्लेली, उजवीकडची. डावा हात मांडीवरून खाली लोंबत होता. मी धावत जाऊन गाडी बोलावली.

दवाखान्यात डॉक्टरांनी समजावलं, की हा अर्धांगाचा झटका आहे; डोळे चांगले आहेत, पण मेंदूतून डाव्या बाजूचं भानच गेलं आहे. ते परत आलं तरच त्यांना उभं करता येईल. आक्कांची मुलगी रेखा कुंभारीहून रोज यायची आणि खिडकीच्या बाजूला, म्हणजे त्यांच्या डावीकडे बसायची. त्याच बाजूने हाका मारत राहा, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. उजवीकडे उभं राहून बोलणाऱ्या मला आक्का रोज विचारायच्या, "रेखा आज बी आली न्हाय व्हय?" आणि रेखा त्यांचा डावा हात हातात धरून तिथेच बसलेली असायची. ती हाका मारायची, त्या आक्कांपर्यंत पोचत नसत. एकदा मी तो हात उचलून त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. त्यांनी तोंड फिरवलं. "ह्यो माझा न्हाय. कुनीतरी उजव्याचा आरसा मारून ठिवलाय हितं. काढा की."

रेखा त्या दिवशी जिन्यात बसून रडली. "आई जिवंत हाय आन् मी तिच्यासाठी मेले," ती म्हणाली. मला दुसरं काही सुचेना. मी कारखान्यातून वॉकरची एक नळी आणली, दोन बाजूंना दोन टोकं आणि मधला भाग आडवा, अशी अखंड. ती आक्कांच्या अंगावर आडवी ठेवली. एक टोक उजव्या हाताशी, दुसरं डाव्या मुठीत. ती मूठ रेखाने आपल्या हातांनी मिटून धरली.

"आक्का, तपासून द्या. डोळे मिटून."

त्यांनी डोळे मिटले. बोट नळीवरून निघालं. "सरळ," त्या पुटपुटल्या. "वाक. फिर. सरळ." मध्य ओलांडतानाही बोट थांबलं नाही. "वाक. सरळ." मग ते त्यांच्याच डाव्या हाताच्या थंड बोटांवर जाऊन टेकलं.

"हितं काय लागलं?"

"दुसरं टोक, आक्का."

त्यांनी ती बोटं एकेक करून चाचपली. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "तू कुनाचा रं?" आणि उजव्या हाताने तो डावा हात उचलून त्यांनी कानाला लावला. कुठलीही नळी त्यांनी इतका वेळ ऐकलेली मला आठवत नाही.

"कवाधरनं वाट बघतोय म्हनतोय," त्या म्हणाल्या. मग परत ऐकू लागल्या. "आन् म्हनतोय, म्या हितं एकटा न्हाय."

आणि त्यांनी मान डावीकडे वळवली.

"रेखा, तू कवा आलीस गं?"

रेखाने कपाळ आईच्या खांद्याला टेकवलं. तिथे आनंद मोठा होता की भीती, हे मला आजही सांगता येणार नाही.

आक्का पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. त्याच आठवड्यात दुसरा झटका आला. गेल्या तेव्हा त्यांनी उजव्या हाताने डावा घट्ट धरलेला होता, तो सोडवायला रेखाला बराच वेळ लागला.

आता त्यांच्या खुर्चीवर मी बसते. मिरर अजूनही बंद आहे. नवी पोरं कुरकुरतात, त्यांना मी मेंढ्याच्या शिंगांचं सांगते. नळी आली की मीही ती कानाला लावते. मला आतल्या घुमण्यापलीकडे काही ऐकू आलेलं नाही. तरी डावी नळी खाली ठेवताना दर वेळी वाटतं, की कुणीतरी बोलायला लागलं होतं आणि मी ऐकून न घेताच उठले.