मोठेबाबा आणि गाडीचं बूड

पाहुणे दारात आले की लोक त्यांच्या तोंडाकडे बघतात. मोठेबाबा त्यांच्या गाडीखाली बघायचे. नमस्कार नंतर. आधी पँट गुडघ्यांशी चिमटीत धरून उकिडवे बसायचे, मग एक हात जमिनीला टेकवून मान पार खाली घालायचे आणि गाडीच्या पोटाकडे बघत राहायचे. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक बारीक तार असायची. गाडीच्या दारांना खालच्या कडेला लहान भोकं असतात. काचेवरून आत उतरलेलं पाणी त्यांतून निघून जातं. त्या प्रत्येक भोकात ते तार घालून फिरवायचे. एखादं मातीनं बुजलेलं निघालं की तारेचं टोक पाहुण्यांपुढं धरायचे. "हे पाहा. गंज इथून सुरू होतो." पाहुणे अजून चपला काढत असायचे.

पाहुणे निघतानाही तेच. गाडी सुरू झाली की मोठेबाबा मागून खाली वाकायचे, काही गळत नाही ना, लोंबत नाही ना ते बघायचे, मग उठून डिक्कीवर दोनदा हात मारायचे. तो आवाज झाला की गाडीनं हलायचं. त्याआधी नाही. जबलपूरच्या गोरखपूर भागातल्या आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. भाजीवाल्याचा टेम्पोसुद्धा थांबायचा.

ते माझ्या बाबांचे थोरले भाऊ. जन्मभर फौजेच्या गाड्या बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीच्या कामावर होते. निवृत्तीला हार मिळाले, भाषणं झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गल्लीतल्या गाड्या तपासायला घेतल्या. "फौजेची गाडी डोंगरात बंद पडली तर आतल्या पोरानं कोणाकडे पाहायचं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. समोरचा डोंगरात जाणार नसून शेजारच्या पिठाच्या गिरणीवर चालला आहे, याचा त्यांना फरक पडत नसे.

मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, या वेडाचं कारण सांगायची. लग्नानंतर घेतलेल्या जुन्या गाडीतून दोघं बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून साड्या घेऊन परतत होती. वाटेत ओमती भागाजवळ गाडीला हिसका बसला, तिच्या पायाखालची चटई खचली आणि एक चप्पल गंजलेल्या तळातून सरळ रस्त्यावर पडली. मागचा रिक्षावाला ती उंच धरून शेजारी आला. "माताजी, आपकी गाड़ी से चप्पल टपक रही है।"

"यांनी काय केलं असंल?" मोठी आई आम्हाला विचारायची. "गाडी बाजूला घेतली आन् माझं तोंड सोडून त्या भोकाकडेच पाहून राहिले."

सगळे हसायचे. मोठेबाबा हसायचे नाहीत. "पाय होता तिथं," एवढंच म्हणायचे.

मी त्यांच्या घरी आले ती शाळेसाठी. बाबा शहडोलच्या पुढं एका खाणीच्या गावात नोकरीला होते. तिथं इंग्रजी शाळा नव्हती, म्हणून पहिलीपासून मी जबलपुरात. मोठेबाबांना मूलबाळ नव्हतं. लोकांना वाटायचं, त्यामुळे ते मला मुलगीच मानत असतील. तसं नव्हतं. "ठेव आहे धाकट्याची," ते म्हणायचे. "आपल्या लेकराला खरचटलं तर चालते. ठेवीला नाही."

त्या घरात सगळ्यावर काहीतरी चढवलेलं असायचं. सोफ्यावर खोळ, खोळीवर प्लास्टिक, टीव्हीच्या रिमोटला पिशवी. माझी सायकल मी अंगणात गोल गोल फिरून शिकले, आणि पुढंही ती अंगणातच फिरली. शाळेच्या सहलीच्या चिठ्ठीवर मोठेबाबांनी कधी सही केली नाही. दहावीची गुणपत्रिका हातात आली त्याच दिवशी त्यांनी ती लॅमिनेट करून आणली. पुढं कॉलेजात तिच्या मागं शिक्का मारायचा होता, तो प्लास्टिकवर बसेना. कारकुनानं ती उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाला, "बेटा, इसको तो घरवालों ने अमर कर दिया।"

मी तक्रार केली नाही. दुसऱ्याच्या घरात वाढलेली मुलं फारशा तक्रारी करत नाहीत, बघत राहतात. शाळेत इंग्रजी, रस्त्यावर हिंदी, घरात मराठी, आणि तिन्ही ठिकाणी लागतील तेवढेच शब्द, असं माझं चालायचं.

एकदा मला बघायला एक कुटुंब आलं. माझ्याशी कोणी काही बोलायच्या आधी मोठेबाबा त्यांच्या गाडीखाली होते. संध्याकाळी त्यांनी निकाल सांगितला. "मुलगा चांगला असंल. पण गाडीचं बूड गेलेलं आहे आन् त्याला पत्ता नाही."

"अहो, पोरगा पाहायचा होता," मोठी आई म्हणाली.

"पाहिला ना. वरून."

तो मुलगा मला आवडला की नाही, हे ठरवायची माझ्यावर वेळच आली नाही. सुटल्यासारखं वाटलं. मग वाटलं, हे सुटणंही माझं नव्हतं.

बँकेत लागल्यावर मी पगारातून एक लहान नवी गाडी घेतली. ती अंगणात दोन कव्हरांखाली राहायची. रविवारी सकाळी मी तिच्यात बसून इंजिन सुरू करायचे आणि आरशात बघत डिक्कीवरच्या हाताची वाट बघायचे. कधी तो आवाज यायचा. मग आम्ही नर्मदेवर ग्वारीघाटापर्यंत जाऊन परत यायचो. मोठेबाबा शेजारी बसायचे, पाय तळावर पुरते न टेकता. कधी आवाज यायचाच नाही. ते खिडकीशी येऊन म्हणायचे, "उतर बेटा. आज नको. रस्ता ओला आहे." मी इंजिन बंद करायचे.

मग मला बढती मिळाली आणि बदली आली ती रत्नागिरीला. मोठेबाबांनी एकच शब्द उच्चारला. "समुद्र?" डॉक्टरनं दुखण्याचं नाव सांगितल्यावर ते परत म्हणून बघावं, तसा.

मला जायचं होतं. किती जायचं होतं, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. आमच्या घरात उघड्यावर ठेवलेली वस्तू लगेच झाकली जायची.

त्यांनी नाही म्हटलं नाही. "जा ना. काहून नाही? पण तिथं एकटीनं बसमध्ये लटकायचं नाही. गाडी घेऊन जायचं. आन् गाडी जाईल ते बुडाला कोट लागल्यावर. समुद्राची हवा लोखंड खाते." बाबांनाही फोनवर हेच सांगितलं, आणि बाबांनी हेच ऐकलं. गाडीच्या किल्ल्या मोठेबाबांच्या कपाटात होत्या.

गंजरोधक लेपाचे हे कोट दोन प्रकारचे होते. एक काळा, रबरासारखा. जाड बसतो, वाळला की कडक होतो, खडी उडाली तरी निघत नाही. दुसरा मेणासारखा, तेलकट. फटीफटींतून आत झिरपतो, पण कधी पक्का वाळत नाही आणि दरवर्षी नव्यानं द्यावा लागतो. दुसरा कोणी दुकानदाराला विचारून मोकळा झाला असता. मोठेबाबांनी तेलाचा रिकामा डबा कापून पत्र्याच्या पट्ट्या काढल्या, काहींना काळा कोट दिला, काहींना तेलकट, आणि अंगणात दोन बादल्यांत मिठाचं पाणी करून त्यात त्या टांगल्या. कारखान्यात असंच करायचे म्हणे. रोज सकाळी चहाआधी ते पट्ट्या वर काढून उजेडात धरायचे.

"काय म्हणतात?" मी विचारायचे.

"अजून काही नाही. घाई केली तर पत्रा खोटं बोलते."

"लोणचं घालून राहिले का?" मोठी आई ओट्यावरून विचारायची. "मिठाचं पाणी झालंच आहे, तर कैऱ्या आणा बाप्पा."

रुजू व्हायची मुदत मी एकदा वाढवून घेतली होती. दुसऱ्यांदा मिळणार नव्हती. तारखेला पोचले नाही तर बढती सोडली असं लिहून द्यायचं होतं, आणि मग मी होते तिथंच राहणार होते. तीच शाखा, तेच घर, तोच रविवार. बँकेतून आल्यावर मी आधी बादल्यांत डोकावायचे. माझं जाणं त्या पट्ट्यांवर टांगलेलं होतं आणि त्यांना काही म्हणायचं नव्हतं.

शेवटी काळा कोट ठरला. "तेलकटाचं दरवर्षी कोण पाहणार तिथं? हा एकदा लागला की काळजी मिटली."

गॅरेजमध्ये गाडी वर उचलली होती. खाली उभे राहून मोठेबाबा बोट दाखवत होते, "यहाँ भी. यहाँ भी." दारांच्या खालच्या कडेला भोकांवर, ती कोटानं बुजू नयेत म्हणून, गॅरेजवाल्यानं कागदी टेप लावला होता. मोठेबाबांनी तो स्वतः ओढून काढला. "ये भी बंद करो."

"बाबूजी, ये तो पानी निकलने का है।"

"पानी जाएगा ही नहीं, तो निकलेगा काहे को?"

गॅरेजवाल्यानं माझ्याकडे बघितलं. मी मोठेबाबांच्या खिशाकडे बघितलं. तार तिथंच होती, पेनाशेजारी. "समुद्राची हवा खालूनच घुसते," ते मला म्हणाले, मी काही विचारलं नसताना.

कोट वाळल्यावर अंगणात परीक्षा झाली. मी आत बसायचं, काचा पूर्ण वर, आणि ते नळीनं पाणी मारणार. "कोकणचा पाऊस समज," ते म्हणाले. पाणी छतावर, काचांवर, दारांवर आदळत राहिलं. सीटांवर अजून कंपनीचं प्लास्टिक होतं, ते पाठीला चिकटत होतं. काचेपलीकडे मोठेबाबा विरघळल्यासारखे दिसत होते.

"थेंब येते का आत?"

"नाही."

"नीट पाहा."

"नाही येत, मोठेबाबा."

आत खरंच कोरडं होतं. इतकं, की श्वास पुरत नव्हता. तरी त्यांनी नळी बंद करेपर्यंत मी दाराला हात लावला नाही.

मग दार उघडलं, आणि त्याच्या आत काहीतरी डुचमळलं. अर्धी भरलेली घागर हलावी, तसं.

मोठेबाबा नळी गुंडाळत होते. "चलो, झालं. ठणठणीत कोरडी आहे."

मी दार अर्धं मिटलं आणि पुन्हा उघडलं. पाणी डुचमळलं. त्यांची पाठ तशीच होती. मी पुन्हा मिटलं, पुन्हा उघडलं. मग पुन्हा. त्या घरात एखाद्या गोष्टीवर इतका वेळ मी कधी अडून राहिले नव्हते.

त्यांचे हात थांबले. ते आले, दार माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः हळूच हलवलं. मान जरा तिरकी करून ऐकलं. पुन्हा हलवलं. हात आपोआप खिशाकडे गेला.

ते ओल्या अंगणात आडवे झाले. कडक कोटात तार शिरेना, वाकायला लागली. "पेचकस आण," ते म्हणाले. मी स्क्रूड्रायव्हर आणून दिला. त्यांनी पहिलं भोक फोडलं तसं पाणी त्यांच्या बाहीतून काखेपर्यंत गेलं. मोठी आई दारात येऊन उभी राहिली. "उठा आता. तुम्हालाच गंज चढंल." ते उठले नाहीत. एक एक करून चारही दारांखाली सरकत गेले. मी शेजारी उकिडवी बसून होते.

"कारखान्यात हे भोक बंद निघालं," गाडीखालून त्यांचा आवाज आला, "तर मी अख्खी गाडी परत पाठवायचो." पेचकस थोडा वेळ फिरत राहिला. "तिथल्या पोरांसाठी कळत होतं मला."

 उठताना त्यांची कंबर धरली. आम्ही दोघींनी हात दिला. पलंगावर पाठ टेकल्यावर म्हणाले, "उद्या दारांना आतून तेलकट कोट मारून घेऊ. दरवर्षी द्यावा लागंल. कोणाकडूनही करून घे, पण वाकून पाहत जा. एकदा लावला आन् काळजी मिटली, असं नसते ते." मग मोठ्या आईकडून कपाट उघडवून त्यांनी किल्ल्या मागवल्या आणि माझ्या हातात ठेवल्या. त्यांच्यासोबत तारही.

निघायच्या सकाळी बाबा सोबतीला आले होते. मोठ्या आईनं मागच्या सीटवर डबे रचले. मी इंजिन सुरू केलं आणि सवयीनं आरशात बघितलं. मोठेबाबा गाडीमागं काठी धरून उभे होते. कंबर अजून धरलेली होती, वाकणं शक्य नव्हतं.

"दादा, मी पाहू का खाली?" बाबांनी खिडकीतून विचारलं.

"नको."

ते तसेच उभे राहिले. हात रिकाम्या खिशावर होता. बराच वेळ काही झालं नाही. मला वाटलं, आता खिडकीशी येतील, म्हणतील, उतर बेटा, आज नको. माझी बोटं किल्लीवर गेलीसुद्धा होती.

मग डिक्कीवर हात पडला. एकदा, आणि जरा थांबून दुसऱ्यांदा. खाली न बघता.

रत्नागिरीला ते दर रविवारी फोन करायचे. मी कशी आहे हे मोठी आई विचारायची. ते विचारायचे, "पाहिलं का खाली?" दुसऱ्या वर्षीच्या थंडीत ते गेले. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. अंगणात बादल्या पालथ्या घातलेल्या होत्या.

आता दर पावसाळ्याआधी मी तेलकट कोट देते. त्याआधी उकिडवी बसून भोकांत तार फिरवते. इथला गॅरेजवाला म्हणतो, "ताई, एवढं कोण बघत नाय." मी ऐकून घेते.

फक्त एक गोष्ट अजून जात नाही. गाडी सुरू केली की पाय ब्रेकवर तसाच राहतो. शेजारी कोणी असेल तर विचारतं, काय झालं? मी म्हणते, काही नाही, आणि आरशात बघते. मागं रस्ता रिकामा असतो. समुद्राकडून वारा येत असतो. मी थोडी वाट बघते, आणि मग कोणाचा हात न पडताच मला निघावं लागतं.