गाळातला चाकाचा माग

ती सकाळ मी विसरलेले नाही, आणि विसरू नये असंच मला वाटतं. मी तेव्हा करमाळा तालुक्यातल्या एका गावची पोलीस पाटील होते. गाव धरणाच्या पाण्याकाठी. उन्हाळ्यात पाणी मागे सरतं आणि ओल्या गाळाची जमीन उघडी पडते. तिथे सांगोल्याकडचे मेंढपाळ नवरा-बायको मेंढरं घेऊन उतरले होते. दिवस उगवताना बाई पाणी आणायला गेली, ती परत आली नाही. नवऱ्याला ती गाळात पडलेली सापडली. अंगावरून गाडी गेली होती.

मी पोलीस ठाण्याला फोन केला आणि फौजदार येईपर्यंत मागावर कोणाचा पाय पडू दिला नाही. चाकांची नक्षी स्पष्ट उठली होती, जाड दातांची. गावात असे टायर कोणाचे, असं फौजदारांनी विचारलं. मी म्हणाले, एकाचेच, दूध नेणाऱ्या जीपवाल्याचे. कांद्यात मेंढरं शिरली म्हणून त्याचं मेंढपाळाशी भांडण झालं होतं. तेही मीच सांगितलं.

दुपारपर्यंत जीप ठाण्याच्या आवारात आली आणि तो कोठडीत गेला. पहाटे गाडी सुरू होत नव्हती, मी घरीच खटपट करत होतो, एवढंच तो पुन्हापुन्हा सांगत होता. साक्षीला फक्त बायको. तसली साक्ष कोण धरतो?

दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात आली. बस म्हटलं, बसली नाही.

"पाटीलबाई, त्यो भांडकुदळ हाय, मी न्हाय म्हणत न्हाय. पर बाईमानसाच्या अंगावर गाडी घालून पळंल व्हय?"

मी म्हणाले, टायर त्याच्यासारखेच आहेत.

"टायर बगितलं तुमी. गाडी बगितली का?"

मला राग आला. पण ती गेल्यावर मी कासरा घेतला आणि गाळात गेले. तिथे पहाऱ्याला असलेल्या हवालदारासमोर दोन चाकांच्या मागांमधलं अंतर मोजून कासऱ्याला गाठ मारली. मग एसटीने ठाण्यात जाऊन तोच कासरा जीपच्या चाकांना लावला. कासरा वीतभर जास्त भरला. फौजदारांनी टेप आणून स्वतः मोजलं, आणि हवालदाराला गाळात पाठवून तिथलंही माप मागवलं. जीप अरुंद, माग रुंद. मग त्यांनी विचारलं, "बाई, दुसरी कोणती गाडी आली होती?"

मी वही काढली. बाई मेली त्याच्या आदल्या संध्याकाळी सोलापूरचा एक माणूस पाण्याकडची वाट विचारत दारात थांबला होता. त्याची गाडी कारपेक्षा उंच, जीपपेक्षा नाजूक. मागची सीट काढून प्लायवूडची खाट केलेली, शेजारी गॅस, टपावर घडीचा तंबू. कच्च्या रस्त्यासाठी गाडी उंच करून घेतलीय, असं कौतुकाने सांगत होता. मी खाट पाहिली, गॅस पाहिला, टायर पाहिले नाहीत. सुट्टीला आलेल्या माणसाची घरगुती गाडी, म्हणून मी ती विचारातच घेतली नव्हती. नंबर मात्र लिहून ठेवला होता.

ओळख पटवायला मी फौजदारांबरोबर सोलापूरला गेले. गाडी घराखाली उभी होती, टायर बारीक, कंपनीचे. आपण पाण्याकडे उतरलोच नाही, टायर पहिल्यापासून हेच, असं तो सांगत होता. साधा प्रश्न विचारला की लांब उत्तर द्यायचा. मी गाडीभोवती फिरले आणि विचारलं, "स्टेपनी कुठं ठेवता?"

मागं खाली, म्हणाला. फौजदारांनी मागचं दार उघडायला लावलं. स्टेपनीच्या जागी पाण्याची टाकी बसवलेली. तेवढ्यात त्याची नजर टपाकडे गेली, मग आमचीही गेली. तंबूच्या मागे काळ्या कव्हरखाली जाड दातांचा टायर बांधलेला होता. तो मोठा टायर खालच्या जागेत मावत नव्हता, म्हणून वर ठेवलेला. चार बदलले, पाचवा विसरला.

जबाबात तो म्हणाला, "धक्के आत जाणवू नयेत म्हणूनच गाडीचं काम करून घेतलं होतं. मला खड्डा वाटला."

"मग टायर का बदलले?" फौजदारांनी विचारलं. पुढे खटला चालला, त्याला शिक्षा झाली.

जीपवाला तिसऱ्या दिवशी सुटला. मी त्याच्या घरी जाऊन चारचौघांसमोर माझी चूक सांगितली. "झालं की आता, बाई," एवढंच तो म्हणाला. पण दुधाचं काम तोवर दुसऱ्याकडे गेलं होतं. महिन्याभरात त्याने जीप विकली.

मी खोटं बोलले नव्हते. गावात तसे टायर त्याचेच होते. पण फौजदारांना मी जे पाहिलं तेवढंच द्यायला हवं होतं, मी माणूस दिला. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी मोजल्याशिवाय कोणाचं नाव घेतलं नाही. साहेब लोक चिडायचे, चिडू दिलं. बाजारात अजून कोणीतरी त्याच्याकडे बोट दाखवून म्हणतं, बाई मेली त्या प्रकरणातला हा. मी तिथे असले तर थांबून सांगते की तो नव्हता, मी चुकले होते. ऐकणारा मान डोलावतो आणि पुढच्या बाजारात तेच बोलतो.