घाऱ्या डोळ्याचं माप

तो कृत्रिम डोळे रंगवायचा. स्वतःचे डोळे बटबटीत, म्हणून सगळी गल्ली त्याला बेडक्या म्हणे. एकदा घाऱ्या डोळ्याचं गिऱ्हाईक आलं. त्याला गेलेल्या डोळ्याच्या जागी तसाच दुसरा हवा होता. बायको चहा घेऊन आली आणि बघतच राहिली.

"अय्या, काय सुरेख रंग आहे!"

वीस वर्षांत तिने नवऱ्याच्या डोळ्यांना असं काही म्हटलं नव्हतं. ते त्याला झोंबलं. गिऱ्हाईक तिच्याकडे बघत असताना त्याच्या घाऱ्या डोळ्यातली काळी बाहुली मोठी झालेली त्याने पाहिली. खरं तर बाहुलीचं माप खिडकीच्या उजेडात, शांत नजरेवरून घ्यायचं असतं. त्याने मनात रुतलेलं तेच मोठं माप रंगवलं.

आठवड्याने डोळा बसवला, तेव्हा बायको कौतुकाने पुढे झाली आणि दचकून मागे सरली.

"अहो, हा एकच डोळा माझ्याकडे असा टक लावून का बघतोय?"

गिऱ्हाइकाने आरसा उचलला. त्याचा चेहरा पडला.

"चूक माझी आहे. पुन्हा रंगवून देतो," तो गिऱ्हाइकाला म्हणाला. मग बायकोकडे न बघता पुटपुटला, "तू आत जा. तू समोर असलीस की माझं माप चुकतं."