भाजलेले खांब

शेतातला गुरांचा जुना कोठा वडिलांनी बांधून घेतला तेव्हा मी शाळेत होतो. मेडशीहून सुतारचाचा यायचे. सागाच्या खांबाचा जेवढा भाग जमिनीत जायचा, तेवढा ते आधी जाळावर धरून काळाकुट्ट होईपर्यंत भाजायचे. मग कमरेइतका खड्डा, तळाशी दगड, भोवती पहारीने ठोकून बसवलेला मुरूम. भाजलेल्या लाकडाला उधई, म्हणजे वाळवी, तोंड लावत नाही, असं म्हणायचे. तो कोठा आजही उभा आहे.

वडील गेल्यावर आई दिवसभर गायीशीच बोलायची. एकच गाय, तांबडी. जुना कोठा कुटाराने, गुरांच्या भुसकटाने भरलेला, म्हणून गायीसाठी नवा बांधायचा ठरला. सहा खांब, वर टिनपत्रे, भिंती नाहीत. मी तोवर वाशीमला नोकरीला लागलो होतो आणि मोबाइलवर पाहून बांधकामातलं सगळं शिकलो होतो. शनिवारी शेतात पोचलो तर चाचांनी खांब भाजून ठेवलेले. मी तोंड वाकडं केलं.

"हे काळं तासून टाका, चाचा. आपल्याले सिमेटात उभे करायचे हायेत."

"सिमेटाचा पेला होते, बेटा. लाकूड सुकलं का फट पडते, पाणी आत उतरते. मुरमातून निथरून जाते. पेल्यातून जाईन कुठी?"

"जमाना बदलला, चाचा."

हे वाक्य आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. चाचांनी पुढे वाद घातला नाही. वाकस घेऊन सहाही खांब तासले, सिमेंटात ओळंब्याने उभे केले, पत्रे ठोकले. आमच्याकडे रीत अशी, की काम झालं की घरधनी पहिला खांब हलवून पाहतो आणि सुतार हसून म्हणतो, "हालव आणखी." मी हलवला. चाचा हत्यारं थैलीत भरत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

चार पावसाळे गेले. एका दुपारी गायीने नेहमीसारखी खांबाला मान घासली आणि खांब जमिनीलगत मोडला. आत नुसता भुसा. वरची आडवी बल्ली पत्र्यांसकट गायीच्या कमरेवर आली. ती पुन्हा उठली नाही, तिसऱ्या दिवशी गेली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझ्या शहाणपणाने आईची गाय गेली.

माफी मागायला मी चाचांकडे गेलो. हल्ली ते शेलूबाजारला लेकीकडे असतात, हात थरथरतात. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "समजलं मले. गाय माह्याच्यानं मेली, बेटा."

"नाही चाचा, मी..."

"तुले काय मालूम होतं? मले मालूम होतं. तुह्यावर रुसलो अन् चूप बसलो. दरसाल एकडाव येऊन खांब पाह्यले असते, तरी समजलं असतं." त्यांनी माझा हात धरला. "तुही माय मले माफ करीन काय?"

मी हो म्हणालो. चूक माझी आहे, हे सांगायलाच गेलो होतो. ते न सांगता चहा पिऊन परत आलो.