आमच्या गिरणीचा उसना तांदूळ

मुलांनो, आजी रोज हा जाड, पिवळसर भात का खाते, असं तुम्ही फोनवर विचारलंत. क्रमाने सांगते.

गडचिरोलीजवळच्या सावली गावात तुमच्या आजोबांची धानाची गिरणी होती. आधी तिथे साधा पांढरा तांदूळ निघायचा. मग परदेशातून उसन्याला मागणी आली. उसना म्हणजे उधारीचा नव्हे; धान टाकीत भिजवायचं, वाफवायचं, वाळवायचं आणि मग भरडायचं. तो जहाजाने आफ्रिकेत जायचा. आमच्याकडे त्याला वास येतो म्हणून कुणी खात नाही. आजोबांनी तरी टाक्या आणि बॉयलर बसवला. काही वर्षं चांगली गेली.

एका सकाळी टीव्हीवर बातमी आली. देशात तांदूळ महाग होऊ नये म्हणून बाहेर जाणाऱ्या उसन्यावर सरकारने कर लावला होता. दुपारी बंदरावरच्या व्यापाऱ्याचा फोन आला, माल पाठवू नका. इकडे टाक्या आदल्याच दिवशी भरलेल्या. भिजलेलं धान थांबत नाही, आंबतं.

धान वाळवणारी बाई दारात आली. "भाऊ, वाफ द्याची का नाई?"

"दे."

"घेनार कोन? इथी तं कोंबडी बी तोंड लावत नाई."

"तुले देतो पगारात."

ती हसली. आजोबाही हसले. मी चहा ठेवला.

पोती गोदामात राहिली. पुढे कर उठला, पण तोवर तिकडच्या गिऱ्हाइकाने दुसऱ्या देशाचा तांदूळ धरला होता. गडचिरोलीकडे लोखंडाच्या कारखान्यांत बाहेरचा पैसा येऊ लागला होता. एका ठेकेदाराने ट्रक उभे करायला गिरणीचं आवार भाड्याने मागितलं. आजोबा हो म्हणाले. टाक्या कापून भंगारात गेल्या, तेव्हा ते पेपर वाचत होते. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकले, इंग्रजीतून. पुस्तकात याला अ‍ॅडजस्टमेंट म्हणत, म्हणजे समायोजन. शब्द चुकीचा नाही.

ती बाई आता त्याच आवारात ड्रायव्हरांचा स्वयंपाक करते. मागे घरी आली होती. "बाई, तो उसना हाये का अजून? हे ओडिशाचे पोट्टे तोच मांगून राह्यले."

मी पोती दिली. एक ठेवलं. तेच मी खाते, संपेपर्यंत. चव विशेष जाणवत नाही.

आजोबांसाठी वेगळा पांढरा भात लावते. उसना त्यांनी कधीच चाखला नाही, गिरणी चालू होती तेव्हाही.